मुलगी एका विक्रीत सुटते

मुंबई, ३० ऑक्टोबर १९५५

तीर्थस्वरूप गं. भा. चंद्रावती काकींना,
मुंबईहून जगनचा साष्टांग नमस्कार.

दसऱ्याला बाबा तुमच्याकडे सोनं द्यायला आले आणि माझ्या दत्तकाची गोष्ट काढून गेले. तुम्ही चहा दिलात, शंकरपाळे दिलेत, उत्तर तेवढं दिलं नाहीत, असं त्यांनी कळवलं आहे. बाबांना मुद्द्याचं बोलता येत नाही. आधी मिठाचा भाव, मग खाडीची भरती, मग महादेवदादाचा दमा, आणि मुद्दा येईपर्यंत समोरचा माणूस जेवायला उठतो. म्हणून कायद्याचा विद्यार्थी या नात्याने मीच विषय रीतसर मांडतो.

काशिराम काका जाऊन तीन वर्षं झाली. भावाभावांच्या वाटण्या आधीच झालेल्या, म्हणून उरण नाक्याजवळचं घर आणि खाडीकाठचं मिठागर तुमच्याकडे आलं. तुम्हाला मूलबाळ नाही. काकांचं नाव पुढे चालवायला कोणीतरी हवं, आणि ते घरचंच हवं. महादेवदादा बाबांच्या हाताखाली अडकलेला. बाकी तीन बहिणी. उरलो मी.

यात लाजण्यासारखं काही नाही. मी सध्या रोमन कायदा शिकतो आहे (गेल्या वर्षीही शिकलो होतो, पण परीक्षकांचं आणि माझं जमलं नाही). रोमचे मोठमोठे बादशहा दत्तक गेलेले होते. आजचा जगातला सगळा कायदा त्या एका गावातून निघाला आहे. करार घ्या, मृत्युपत्र घ्या, वहिवाट घ्या. तुमच्या मिठागराकडे जायची जी बांधावरची वाट आहे, तिच्यावरून जायचा तुमचा हक्कसुद्धा मुळात रोमचा. तेव्हा दत्तकाला नाही म्हणणं म्हणजे एका अर्थी संस्कृतीलाच नाही म्हणणं होईल.

माघात मुहूर्त आहे असं बाबा म्हणतात. कळवावं.

आपला आज्ञाधारक (आणि लवकरच आपला पुत्र),
जगन


पनवेल, ८ नोव्हेंबर १९५५

चि. जगन यास आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. गंगाभागीरथी लिहायला विसरला नाहीस, छान केलंस, नाहीतर मी विधवा आहे हे माझ्या लक्षात कसं राहिलं असतं!

बांधावरची वाट रोमहून आली हे मला नवीन आहे. मला वाटत होतं, तुझ्या काकांनी दोन उन्हाळे मुरूम टाकून ती केली. रोमचे लोक पाट्या उचलायला आले होते का, तेवढं तुझ्या प्रोफेसरांना विचार.

आता दत्तकाचं. आपल्यात दत्तक म्हणजे पंचांसमोर मूल मांडीवर घ्यायचं असतं, हे तुला माहीत असेलच. गेल्या मे महिन्यात तू आलास तेव्हा माझ्या दाराच्या चौकटीला तुझं डोकं आपटलं. तुला मिशी आहे. परसात जाऊन विड्या ओढतोस आणि मला वास येत नाही असं समजतोस. एवढं मोठं बाळ मी मांडीवर घ्यायचं कसं? माझे गुडघे आधीच शेकावर चालतात. पंचांनी दोन बाजूंनी धरलं तर जमेल कदाचित.

पण तू शिकलेला आहेस, म्हणून तीन गोष्टी विचारते. मुलगा दत्तक आला की बापाचा त्याच्यावर काय हक्क? दुसरं, आईचा काय हक्क? तिसरं, ज्या घरात तो येतो त्या घराचं पुढे काय होतं? तिसऱ्याचं उत्तर विसरू नकोस. तू विसरशील असं मला उगीच वाटतंय.

तुझी काकी


मुंबई, १९ नोव्हेंबर १९५५

ती. काकींना सा. न.

अभ्यासामुळे दिवाळीला येता आलं नाही. फराळाचा डबा मिळाला. चिवडा खोलीतल्या इतरांनीच संपवला, म्हणजे चांगला असावा.

तुमचे प्रश्न फार मार्मिक आहेत. रोमन बापाचा अधिकार असा होता की ऐकून छाती दडपते. मुलगा पन्नाशीचा झाला, सेनापती झाला, तरी बाप जिवंत असेपर्यंत तो बापाच्या मुठीत. तो जे कमवेल ते बापाचं. बापाला मुलगा विकायचीही मुभा होती! मात्र एक मर्यादा होती. बापाने मुलाला तीनदा विकलं की तो बापाच्या हातातून कायमचा सुटायचा. पुढे दत्तक देतानाही हीच युक्ती वापरू लागले: बाप मुलाची तीन वेळा लुटूपुटूची विक्री करायचा, तेव्हा तो नव्या घरी जायचा. मुलीला मात्र एकच विक्री पुरायची. का, ते पुस्तकात दिलेलं नाही.

दुसरा प्रश्न आईच्या हक्काचा. तो रोमन कायद्यात नव्हता. बाईच्या अधिकाराखाली कोणी येऊ शकत नसे, तिचं स्वतःचं मूलसुद्धा नाही. बाईचं कुटुंब तिच्यापासून सुरू व्हायचं आणि तिच्यापाशीच संपायचं. म्हणून तिला दत्तकही घेता यायचा नाही. आपल्याकडे विधवेला घेता येतो, म्हणजे पाहा, आपण रोमच्याही पुढे आहोत.

कागद संपला. माघातली तारीख बाबा कळवतील.

आपला,
जगन


पनवेल, ५ डिसेंबर १९५५

चि. जगन,

कागद संपला आणि तिसरा प्रश्न राहिला. तुझ्या पत्राची मागची बाजू सबंध कोरी आहे. मी त्यावर धोब्याचा हिशेब लिहिला.

तू सांगितलं नाहीस म्हणून समोरच्या ताहेर वकिलांना विचारलं. तुझ्या काकांचे ते दोस्त, तुला ठाऊकच आहे. त्यांनी आधी चष्मा पुसला, मग म्हणाले, भाभी, खरं सांगू का? आजच्या कायद्यात घर तुमच्याकडे आहे ते तुम्ही हयात आहात तोवर. विकता येत नाही, पण तुम्हाला कोणी काढूही शकत नाही. दत्तक घेतलात की तो पोरगा तुमच्या नवऱ्याचा मुलगा झाला, आणि मुलगा झाला की घर त्याचं, मिठागर त्याचं. तुमच्याकडे राहील पोटगी. मी विचारलं, म्हणजे मी माझ्याच ओसरीवर पाहुणी? ते म्हणाले, पाहुणी म्हणजे, सासू तरी. आणि म्हणाले, जरा सबर करा. दिल्लीला बायकांच्या हक्काचा कायदा येतोय, तुमच्या दिरांना माघाची एवढी घाई त्याचीच आहे.

तर जगन, हे तुझ्या पुस्तकात नव्हतं की तुझ्या मनात नव्हतं? दोन हजार वर्षांपूर्वी कोण कोणाला कितीदा विकत होतं ते तुला तोंडपाठ. काकीला घराबाहेर काढायचं कलम तेवढं कागदावर मावलं नाही.

भावजींना मी निरोप धाडलाय की पोर फार मोठं आहे, मांडी लहान आहे.

आणखी एक. तुमच्या धाकट्या गोदूला तुझ्या बाबांनी चौथीनंतर शाळेतून काढलं, हे तुला कोणी कळवलं का? अकरा वर्षांची आहे. माझ्याकडे आली की वाण्याच्या पुड्यांचे कागद उलगडून वाचत बसते. कामोठ्याला कोणी स्थळ बघताहेत तिच्यासाठी. तुझे रोमन लोक मुली कितव्या वर्षी द्यायचे, तेही वाचून ठेव, तुझ्या बाबांना आधार होईल.

चंद्रावती


मुंबई, २९ जानेवारी १९५६

ती. काकींना,

इतके दिवस उत्तर दिलं नाही, कारण इथे गोळीबार आणि संचारबंदी होती, टपाल बंद होतं. हे खरं आहे. त्याआधी सहा आठवडे टपाल व्यवस्थित चालू होतं, हेही खरं आहे.

तुमच्या पत्रातल्या आरोपाला माझा जबाब असा: हिंदू कायद्याचा पेपर पुढच्या वर्षी आहे, त्यामुळे दत्तकामुळे घर जातं हे मला अधिकृतरीत्या माहीत नव्हतं. अनधिकृतरीत्या बाबांनी सांगितलं होतं. ते म्हणाले, वहिनींना कुठे काही कळणार आहे. मी काही बोललो नाही. मुंबईत खोली मिळत नाही, काकी, आम्ही पाचजण एका खोलीत आहोत, आणि तुमचं घर डोळ्यांपुढे आलं की त्यात फक्त घरच दिसायचं. जबाब संपला. शिक्षा कळवावी. रोमन पद्धतीने विकणार असाल तर मला कोणी घेणार नाही, गेल्या वर्षीचा निकाल सगळ्यांना माहीत आहे.

रोमन मुली बाराव्या वर्षी द्यायचे. मी हे बाबांना सांगणार नाही.

एक दुरुस्ती करायची आहे. बाईला दत्तक घेता येत नसे असं मी लिहिलं होतं. काल पुढे वाचलं. फार उशिराच्या काळात जस्टिनियन नावाच्या बादशहाने एक सवलत दिली. ज्या बाईची मुलं गेली असतील, तिला बादशहाच्या परवानगीने दत्तक घेता येईल, गेलेल्या मुलांचं दुःख थोडं हलकं व्हावं म्हणून. हक्क म्हणून नव्हे, सांत्वन म्हणून. सबंध पुस्तकात कोणाच्या दुःखाचा उल्लेख मला इथेच सापडला. परीक्षेला बहुधा येत नाही.

जगन


पनवेल, ६ फेब्रुवारी १९५६

जगन,

त्या बादशहाचं नाव पुन्हा एकदा नीट अक्षरात लिहून पाठव.

तुझ्या पहिल्या पत्रात होतं, तुम्हाला मूलबाळ नाही. माझी हौसा साडेचार वर्षांची होऊन गेली. देवी आल्या होत्या. तू तेव्हा सहा-सात वर्षांचा असशील, तुम्ही दोघं मिठागरात फेसाचे गोळे करून एकमेकांना मारायचात. तुझ्या पायाला मीठ चरायचं म्हणून तू रडायचास आणि ती हसायची. तू विसरला असशील. लोक विसरतात, मग म्हणतात मूलबाळ नाही.

बाकी ठीक.

काकी


मुंबई, २ एप्रिल १९५६

ती. काकींना,

जस्टिनियन. वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून सोबत जोडला आहे.

विसरलो नव्हतो. तिची बाहुली मी खाडीत टाकली होती, तेही आठवतं. पहिलं पत्र लिहिताना मात्र आठवलं नाही, आणि त्याला माझ्याकडे जबाब नाही.

बाबांना कळवलं की मी दत्तक जाणार नाही. त्यांचं उत्तर आलं, तुला एवढं शिकवलं ते यासाठी का? मी लिहिलं, हो. सध्या आमचं बोलणं महादेवदादामार्फत चालतं, आणि दादा अर्धं सांगायला विसरतो, त्यामुळे घरात शांतता आहे.

परीक्षा पंधरा दिवसांवर आली. तुमच्या प्रश्नांमुळे दत्तक, पितृसत्ता आणि विक्री ही तीन प्रकरणं मला अशी पाठ झाली आहेत की झोपेत उठवलं तरी सांगेन. बाकीच्या प्रकरणांवरही तुम्ही काही खवचट विचारलं असतंत तर पहिला वर्ग मिळाला असता.

जगन


पनवेल, २४ जून १९५६

चि. जगन यास अनेक आशीर्वाद.

पास झालास ते ताहेर वकिलांकडून कळलं. पेढे वाटले. रोमच्या कायद्यात पास झालेला आपल्या घराण्यातला तू पहिलाच, आणि देव करो शेवटचाच असो.

आता तुझ्या पुस्तकात नसलेली एक गोष्ट सांगते. या महिन्याच्या सतरा तारखेपासून नवा कायदा लागू झाला. ताहेर वकील सकाळीच वर्तमानपत्र घेऊन ओसरीवर आले, स्वतःलाच मुलगा झाल्यासारखे. विधवेकडे नवऱ्याचं जे आहे ते आता तिच्या मालकीचं. हयातीपुरतं नाही. विकीन, देईन, खाडीत बुडवीन. मी त्यांना तीनदा वाचायला लावलं. मग चुलीपाशी गेले, तिथून माजघरात, तिथून परसात, आणि प्रत्येक ठिकाणी उभं राहून बघितलं. घर तसंच होतं. मीच वेड्यासारखी हसत होते.

तुझे बाबा दुसऱ्या दिवशी आले. या खेपेला मिठाचा भाव नाही, भरती नाही, एकदम मुद्दा. म्हणाले, वहिनी, आमच्या घराण्याचं परक्याला देणार की काय? मी म्हटलं, भावजी, तुम्हीच म्हणाला होतात, घरचं मूल हवं. मला पटलंय ते. तुमची गोदू द्या मला. मांडीवर मावेल अशी तीच एक आहे तुमच्यात.

ते चहा तसाच ठेवून गेले. कामोठ्याच्या लोकांनी वैशाखात लग्न धरायचं ठरवलंय, पुढच्या. पोरगी मला विचारते, काकी, लग्न झाल्यावर वाचू देतात का? मी काय सांगू तिला? मी म्हटलं, पुड्यांचे कागद सगळीकडे मिळतात. नंतर तोंड धुवायला म्हणून आत गेले.

तू म्हणशील, मृत्युपत्र करा, घर तिच्या नावाने लिहून ठेवा. घराचं काय घेऊन बसलास! पोरगी बापाच्या ताब्यात आहे. घर तिला दिलं तरी वैशाखात तिला कामोठ्याला नेतीलच, आणि घरही पाठोपाठ नेतील. मला ती हवी आहे, तिचा ताबा हवा आहे. मुलगी दत्तक घ्यायची काही सोय आहे का, ते शोध. या वेळी कागद पुरेसा घे.

काकी


मुंबई, ११ नोव्हेंबर १९५६

ती. काकींना,

कागद पुरेसा घेतला आहे.

आजवरच्या आपल्या कायद्यात मुलगी दत्तक जात नाही. पण दिल्लीला दत्तकाच्या कायद्याचा मसुदा आला आहे. त्यात बाईला स्वतःच्या हक्काने दत्तक घेता येईल, मुलगीसुद्धा. मूल पंधराच्या आतलं हवं, लग्न न झालेलं हवं. बापाने द्यायचं, आईने हो म्हणायचं. दिलं की बापाचा अधिकार संपला. मग कामोठ्याच्या लोकांनी तुमच्याशी बोलायचं. मसुदा अजून पास झालेला नाही. तो होईपर्यंत काही करू नका, आणि झाल्यावर एक दिवसही घालवू नका. ताहेर वकिलांना रोज वर्तमानपत्र बघायला सांगा.

दिवाळीला घरी गेलो होतो तेव्हा घडलं ते असं. बाबांनी मला परसात नेलं. आमच्यात सरळ बोलणं सुरू झालं म्हणून आईने देवापुढे साखर ठेवली. बाबांच्या मनात गणित तयार होतं. वहिनींना आता दुखवून चालणार नाही, त्या घर कोणालाही देऊ शकतात. गोदूला त्यांच्या मांडीवर बसवलं तर त्या खूष होतील, आपला पाय त्या घरात राहील, आणि वैशाखात गोदूला आणून तिचं लग्न लावता येईल. मुलगी दत्तक म्हणजे भातुकलीच. फक्त खात्री हवी होती. त्यांनी विचारलं, "कायद्याने बाईच्या मांडीवर बसलेली मुलगी तिच्या ताब्यात जाते का रे?"

काकी, मी दोन वर्षं हाच पेपर दिला आहे. मी म्हटलं, "बाबा, बाईच्या अधिकाराखाली कोणी येतच नाही. पोटचं मूलही नाही. बाईचं कुटुंब तिच्यापासून सुरू होतं आणि तिच्यापाशीच संपतं."

बाबांनी पाठ थोपटली. म्हणाले, शिकल्याचा उपयोग झाला म्हणायचा. कुठल्या कायद्याने आणि कोणत्या शतकात, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं. बहुतेक.

मन थोडं खातं. बाप आहे माझा. पण गोदूने मला निघताना विचारलं, दादा, तुझ्या त्या जाड पुस्तकात गोष्टी असतात का? मी म्हटलं, एक आहे, मुलगी एका विक्रीत सुटते. तिला काही कळलं नाही. तुम्हाला कळेल.

ती विक्री रोममध्ये अशी व्हायची: पाच साक्षीदार, एक तागडी धरणारा माणूस, आणि घेणाऱ्याने तांब्याचा तुकडा तागडीवर वाजवायचा. आपल्या कायद्याला याची काडीची गरज नाही. दोन वर्षं शिकलो म्हणून कळवतो.

तुमचा,
जगन


पनवेल, १६ जानेवारी १९५७

चि. जगन यास काकीचे पुष्कळ आशीर्वाद.

झालं. सगळं सांगते, मधे बोलू नकोस.

एकवीस डिसेंबरला कायदा लागू झाला. ताहेर वकील पहिल्यांदा चपला न घालता रस्ता ओलांडून आले. मी तुझ्या बाबांना निरोप धाडला, मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार येतोय, पौष लागायच्या आत उरकू. ते तुझ्या आईला घेऊन आले, नवा सदरा घालून, चेहऱ्यावर भाचरांच्या बाहुल्यांची लग्नं लावून देणाऱ्या मामाचं हसू. तुझी आई पदरात तोंड घालून होती. तिला विचारलं, तुझी खुशी आहे ना? ती "हो" म्हणाली, आणि हळूच माझा हात इतका घट्ट दाबला की बांगडी असती तर फुटली असती. तिने वर्तमानपत्र वाचलेलं नाही, पण मला वाटतं तिला सगळं ठाऊक होतं.

पाच पंच होते. मिठागरावरून मी मोठी तागडी आणवली होती आणि मधोमध टांगून ठेवली होती. धरायला बळीराम मुकादम. सगळे तिच्याकडे बघत होते. शेवटी बळीरामनेच विचारलं, "तागडी कशाला हाय? हा काय मिठाचा सौदा नाय." मी म्हटलं, घरची रीत आहे. तुझे बाबा म्हणाले, कोणाच्या घरची? मी म्हटलं, फार जुन्या घराची.

त्यांनी गोदूचा हात माझ्या हातात दिला. पंचांसमोर म्हणाले, दिली. मी म्हटलं, घेतली. तुझ्या काकांच्या पेटीतला ढब्बू पैसा काढला आणि तागडीवर टणकन वाजवला. मग पोरीला मांडीवर घेतलं. जड आहे रे! पण गुडघे काही बोलले नाहीत.

परवा संक्रांतीला तुझे बाबा तिळगूळ घेऊन आले आणि म्हणाले, गोदूला जरा पाठवा, कामोठ्याची माणसं बघायला येताहेत. मी म्हटलं, मुलगी अजून लहान आहे, आमचा विचार नाही. म्हणाले, आमचा म्हणजे कोणाचा? ताहेर वकील ओसरीवर बसलेलेच होते. त्यांनी कायदा सबंध वाचून दाखवला, मधे पाणी पिऊन. तुझ्या बाबांनी हातातला तिळगूळ खाली ठेवला. मग म्हणाले, "जगन तर म्हणाला होता, बाईच्या ताब्यात कोणी जात नाही."

मी विचारलं, "कुठल्या देशात, ते विचारलंत का भावजी?"

ते उठले. दारापाशी थांबले. मला वाटलं आता शिव्या देतील. गोदू आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली, त्यांनी तो घेतला, प्यायले, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून गेले. तिळगूळ ठेवून गेले. माणूस वाईट नाही, जगन. त्याला कोणी नाही म्हटलेलं नव्हतं एवढंच. पण तू दोनेक महिने घरी जाऊ नकोस.

काल तिला शाळेत घातलं. हेडमास्तरांनी विचारलं, घरात कर्ता कोण? म्हटलं, मी. म्हणाले, तसं नव्हे बाई, कुटुंब कोणाचं लावायचं? म्हटलं, माझं लावा. ते माझ्यापासून सुरू होतं. कुठे संपतं ते रोमच्या लोकांनी ठरवायचं कारण नाही, ते ही पोरगी ठरवील. मास्तरांना यातलं काही उमगलं नाही, पण नाव लावलं.

तू लिहून पाठवलेला तो बादशहाचा कागद देवघरात आहे. ताहेर वकील म्हणाले, भाभी, हा तुमच्यातला नाही आणि आमच्यातलाही नाही. मी म्हटलं, असू दे, त्याला हौसाचं कळलं होतं.

गोदू आता शेजारी बसून वाण्याच्या पुडीचा कागद मोठ्याने वाचते आहे. साखरेच्या भावाची जुनी बातमी आहे, तिला ती गोष्टीसारखी वाटते. येशील तेव्हा एखादं खरं पुस्तक आण, रोमचं सोडून. मला ती अजून काकीच म्हणते. म्हणू दे. दिल्लीलासुद्धा कायदा करायला कितीतरी वर्षं लागली.

तुझी काकी,
चंद्रावती